४० तारांचं चाक कसं बांधतात

‘चाक आऊट आहे, आऊट काढून द्या.’ मुंबईत कुठल्याही सायकलवाल्याला किंवा मोटरसायकलच्या मिस्त्रीला एवढं सांगितलं की पुढे काही समजावावं लागत नाही. तो चाक उचलून फिरवतो, रिमजवळ खडू धरतो, खडू घासेल तिथले दोन-चार स्पोक पिळतो. पंधरा मिनिटांत चाक सरळ फिरायला लागतं. सायकलचं बहुतेक वेळा एवढ्यावर भागतं. पन्नास वर्षं जुन्या, दीडशे किलोच्या वरच्या मोटरसायकलचं भागत नाही.

माझ्या बुलेटचं मागचं चाक मी एका ठिकाणी असंच करून घेतलं होतं. घरी आणलं तेव्हा रिम इतकी सुरेख फिरत होती की मी बघतच राहिलो. सहा आठवड्यांनी, ऐन जुलैत, सायन सर्कलच्या खड्ड्यांतून जाताना मागून ‘टिंग’ असा आवाज आला. घरी येऊन पाहिलं तर तीन स्पोक हबजवळच्या, म्हणजे चाकाच्या मधल्या गाभ्याजवळच्या, वाकणाशी तुटले होते. दुसऱ्या बाजूचे पाच-सहा बोटांनी हलत होते. चाक सरळ केलं होतं हे खरं, पण ते करताना कुठे तारा करकचून आवळल्या होत्या आणि कुठे तशाच ढिल्या सोडल्या होत्या. रिम सरळ असूनही चाक वाईट बांधलेलं असू शकतं, हे त्या दिवशी कळलं. त्यानंतर परळच्या एका वयस्कर मिस्त्रींकडे बसून मी हे काम शिकलो. या लेखातलं बरंचसं त्यांच्याकडून आलेलं आहे, उरलेलं माझ्या स्वतःच्या चाकांवरून.

तार ढकलू शकत नाही

बैलगाडीचं चाक डोळ्यांसमोर आणा. मधे तुंबा, त्यातून निघालेले लाकडी आरे, बाहेर लोखंडी धाव. गाडीचं वजन तुंब्यावर येतं आणि खालच्या बाजूचा आरा खांबासारखा ते वजन पेलतो. म्हणून तो जाडजूड असावा लागतो.

मोटरसायकलचा स्पोक म्हणजे तीन-चार मिलिमीटरची तार. १० गेजची तार ३.२५ मिलिमीटरची, ९ गेजची ३.६६ आणि ८ गेजची ४.०६. अशी तार उभी धरून वरून दाबली तर लगेच वाकेल. तिला फक्त ओढता येतं. मग वजन कोण पेलतं?

साधारणपणे सांगितलं जातं की हब वरच्या तारांना लटकलेला असतो. ऐकायला पटतं, पण प्रत्यक्षात घडतं ते जरा वेगळं. चाक बांधतानाच सगळ्या तारा जोरात ताणलेल्या असतात आणि रिमला चारही बाजूंनी हबकडे खेचत असतात. चाक जमिनीवर टेकलं की टेकलेल्या जागी रिम किंचित चपटी होते आणि तिथल्या मोजक्या तारांचा ताण कमी होतो. बाकीच्या तारांच्या ताणात फारसा फरक पडत नाही. म्हणजे वजन पेललं जातं ते खालच्या तारांनी आपला ताण थोडा सोडून दिल्यामुळे. ज्या तारेकडे सोडून द्यायला ताणच नाही, ती त्या क्षणी काहीच काम करत नाही.

आता हिशोब करा. ३.२५–१९ च्या, म्हणजे १९ इंची रिमवरच्या सव्वातीन इंच रुंद टायरचा बाहेरचा घेर साधारण दोन मीटर. म्हणजे एका किलोमीटरला चाकाचे पाचशेच्या आसपास फेरे होतात. दादरहून ठाण्याला जाईपर्यंत प्रत्येक स्पोक बारा हजार वेळा सैल होतो आणि पुन्हा ताणला जातो. चांगला ताणलेला स्पोक या चक्रात थोडासाच हलतो. ढिला स्पोक मात्र खाली आला की पूर्ण सुटतो आणि वर जाताना झटका खातो. सुटलेल्या क्षणी त्याचा निप्पल, म्हणजे रिमच्या भोकात बसून तार आवळणारं छोटं नट, हादऱ्याने आपोआप फिरतो, त्यामुळे तो आणखी ढिला होतो. मग त्याच्या वाट्याचं काम शेजाऱ्यांवर पडतं. वायर पुढे-मागे वाकवत राहिलो की ती जशी एका जागी तुटते, तसा स्पोक वाकणाशी तुटतो. माझे तीन तुटले ते असेच.

ताणलेल्या तारांवर चाक उभं करण्याची कल्पना इंग्लंडच्या जॉर्ज केली यांनी १८०८ मध्ये आपल्या उडत्या यंत्राच्या चाकांसाठी मांडली. तारा सरळ मध्यातून न नेता तिरक्या न्यायच्या, ही पुढची मोठी पायरी जेम्स स्टार्ली यांची. त्यांनी १८७४ मध्ये तिचं पेटंट घेतलं. तिरक्या का, तर सरळ तारांच्या चाकात हब फिरवला की आधी तो तारांना पीळ देतो आणि मग कुठे रिम हलते. बुलेटच्या मागच्या चाकात चेन हबला फिरवते, ब्रेक त्याला थांबवतो. दोन्ही वेळा तो जोर रिमपर्यंत तारांतूनच पोचायचा असतो. म्हणून निम्म्या तारा पुढे झुकलेल्या आणि निम्म्या मागे. गाडी पळवताना एका गटावर जोर येतो, ब्रेक मारताना दुसऱ्यावर.

खोलण्याआधी

जुन्या गाडीचं चाक बहुधा रिमला नवं क्रोम चढवायचं म्हणून किंवा गंजलेले स्पोक बदलायचे म्हणून खोललं जातं. मुंबईत दुसरं कारण जास्त. खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस, त्यात पाणी व्हॉल्व्हच्या आणि स्पोकच्या भोकांतून रिमच्या आत शिरतं आणि ट्यूबखालच्या पट्टीत मुरून बसतं. बाहेरून क्रोम चकचकीत असतं आणि आतून निप्पलची डोकी कुजलेली असतात. टायर काढल्याशिवाय हे दिसत नाही.

खोलायला बसाल तेव्हा पाना हातात घेण्याआधी फोटो काढा. दोन्ही बाजूंनी, व्हॉल्व्हच्या भोकाजवळून, हबच्या अगदी जवळून. त्यानंतरची गोष्ट याहून महत्त्वाची आणि नेमकी तीच लोक विसरतात. हबच्या एका कडेवर, ब्रेक ड्रमच्या तोंडावर म्हणा, सरळ पट्टी आडवी ठेवून तिथून रिमच्या कडेपर्यंतचं अंतर मोजा आणि लिहून ठेवा. बऱ्याच जुन्या चाकांत रिम हबच्या बरोबर मध्यावर नसते, कारण एका बाजूला ड्रम आणि चेनचं चक्र असतं आणि रिम गाडीच्या मध्यरेषेवर आणायची असते. हा आकडा हरवला तर चाक कितीही सरळ बांधा, पुढचं आणि मागचं चाक एका रेषेत येणार नाही.

बेअरिंगही आत्ताच तपासा. चाक गाडीवर असताना वर-खाली धरून हलवा. खटखट जाणवली तर आधी बेअरिंग बदलायचं. ढिल्या बेअरिंगवर आऊट काढता येत नाही, कारण प्रत्येक फेऱ्यात रिम वेगळीच दिसते. हबची भोकं लांबट झालीत का, त्यांच्यातून बारीक तडे गेलेत का, हेही पाहा. तडा असेल तर त्या हबवर पुढची मेहनत करू नका.

निप्पल गंजून बसले असतील तर आदल्या दिवशी आतून-बाहेरून तेल सोडा. जबरदस्ती केली तर निप्पलचे कोपरे झिजतात नाहीतर स्पोक पिळवटतो. स्पोक बदलायचेच असतील तर तारा कापून मोकळं व्हा. अर्थात सगळ्या तारा ढिल्या करून झाल्यावरच कापा, ताणलेली तार कापली की उडते. प्रत्येक प्रकारचे दोन-दोन स्पोक नमुना म्हणून मात्र अख्खे ठेवा.

‘प्रत्येक प्रकारचे’ म्हणतो आहे, कारण ४० स्पोक एकसारखे नसतात. हबच्या कडेच्या आतून निघणारा आणि बाहेरून निघणारा यांचा वाकणाचा कोन अनेकदा वेगळा असतो. ड्रमच्या बाजूची कडा मोठी असेल तर तिकडची लांबीही कमी असते. दुकानात ‘बुलेटचे स्पोक द्या’ म्हणून आणलेल्या पुडक्यात हे प्रकार मिसळलेले निघतात. घरी वर्तमानपत्र पसरून त्यांचे ढीग वेगळे करण्यात अर्धा तास घालवा. जुन्याच तारांना क्रोम चढवून घेण्याचा मोह टाळा. क्रोम चढवताना पोलाद ठिसूळ होऊ शकतं. स्टेनलेसच्या तारा मुंबईच्या हवेला उत्तम, फक्त स्टेनलेसच्या तारेवर स्टेनलेसचाच निप्पल कोरडा फिरवला तर आटे एकमेकांत जाम होतात. तार कुठलीही असो, आट्यांना तेलाचा एक थेंब लावूनच निप्पल चढवायचा.

चौघांचं कुटुंब

४० तारांचा गुंता पाहून पहिल्यांदा घाबरायला होतं. मिस्त्रींनी मला तो एका वाक्यात सोडवून दिला होता: ‘४० बघू नकोस रे, ४ बघ.’ हबच्या दोन कडा, डावी आणि उजवी. प्रत्येक कडेतून काही तारा आतून निघतात, काही बाहेरून. डावी-आतली, डावी-बाहेरची, उजवी-आतली, उजवी-बाहेरची, हे झालं चौघांचं एक कुटुंब. अशी दहा कुटुंबं गोल बसवली की ४० तारांचं चाक झालं. जावा-येझदीच्या ३६ तारांच्या चाकात नऊ कुटुंबं. एक कुटुंब बरोबर बसलं की बाकी सगळी त्याची नक्कल.

सायकलच्या आणि मोटरसायकलच्या रिममध्ये एक मोठा फरक आहे. मोटरसायकलच्या रिमला भोकाभोकाशी खळगा असतो आणि तो एका ठरावीक दिशेला तोंड करून असतो, डावीकडे किंवा उजवीकडे आणि शिवाय पुढे किंवा मागे. म्हणजे कुठली तार कुठे जायची हे रिमनेच ठरवून ठेवलेलं असतं. भोकातून नुसता निप्पल घालून पाहा, तो ज्या दिशेला झुकेल तिकडून त्याची तार यायला हवी. तार निप्पलमध्ये शिरताना मोडल्यासारखी वाकत असेल तर ती चुकीच्या भोकात आहे. वेगळ्या हबसाठी भोकं पाडलेली रिम, इंच बरोबर जुळले तरी, नीट बसत नाही ती याचमुळे. १९ इंची, १.८५ इंच रुंद, म्हणजे जिला डब्ल्यूएम२ म्हणतात तशी रिम म्हणून घेतली आणि भोकांची दिशा पाहिली नाही, तर तेवढे पैसे गेले.

बसवण्याचा क्रम असा. आधी आतल्या तारा हबमधून ओवून घ्यायच्या, कारण बाहेरच्या आधी घातल्या तर आतल्यांना शिरायला जागा उरत नाही. मग बाहेरच्या. हब जमिनीवर आडवा, त्याच्याभोवती रिम, खाली गुंडाळलेलं गोणपाट. एका प्रकारच्या सगळ्या तारा रिममध्ये अडकवून निप्पल दोन-तीन आटे चढवायचे, मग पुढचा प्रकार. तारा एकमेकींना कितीदा ओलांडतात हे गाडीगाडीत वेगळं असतं. तिथे आठवणीवर जाऊ नका, फोटो पाहा. या टप्प्यावर एकही निप्पल घट्ट करायचा नाही. शेवटची तार पोचत नाहीशी वाटली तर ती ओढू नका, आधीची कुठली तरी चुकली आहे.

सगळ्या बसल्या की आटे मोजायचे. प्रत्येक निप्पल इतकाच फिरवायचा की तारेवरचा शेवटचा आटा नुकताच आत दडेल. ४० च्या ४० सारखे. हे कंटाळवाणं काम आहे आणि इथेच अर्धं चाक बांधलं जातं, कारण पुढचा सगळा समतोल या समान सुरुवातीवर उभा राहतो. मग व्हॉल्व्हच्या भोकापासून सुरू करून प्रत्येक निप्पल अर्धा फेरा, पूर्ण गोल. पुन्हा अर्धा. तारा जराशा बोलायला लागल्या की थांबा.

आऊट काढणं

खास स्टँड नसेल तरी चालतं. गाडी मधल्या स्टँडवर चढवा, चाक तिच्याच फोर्कमध्ये बसवा आणि फोर्कला तार बांधून तिचं टोक रिमजवळ आणा. मला डायल गेज, म्हणजे बारीक फरक काट्याने दाखवणारं मापक, मिळालं ते नागदेवी स्ट्रीटवर. त्याने काम सोपं झालं, पण पहिली दोन चाकं मी तारेच्या टोकावरच केली होती.

आऊट दोन प्रकारचा असतो. एक डावी-उजवी, म्हणजे रिम डुलते. दुसरा वर-खाली, म्हणजे रिम उडते. डुलणं डोळ्यांना लगेच दिसतं म्हणून सगळे आधी त्याच्या मागे लागतात. मी उडण्यापासून सुरुवात करायला सांगेन, कारण ते सरळ करायला जास्त ताण लागतो आणि ते करताना डुलणं थोडंफार बिघडतंच.

रिम जिथे हबपासून लांब गेली आहे तिथल्या डाव्या आणि उजव्या दोन्ही तारा सारख्याच आवळायच्या. जिथे आत बसली आहे तिथल्या दोन्ही सारख्याच सोडायच्या. डुलण्यासाठी वेगळं: रिम डावीकडे गेली असेल तर तिथल्या उजव्या तारा आवळा आणि डाव्या तेवढ्याच सोडा. नुसत्या उजव्या आवळल्या तर रिम उजवीकडे येईल खरी, पण हबकडेही ओढली जाईल आणि मगाशी सरळ केलेली उडी परत येईल. माझ्या त्या जुलैच्या चाकात हेच झालं होतं. प्रत्येक वेळी फक्त आवळलं गेलं, सोडलं कधीच नाही.

दिशेचा गोंधळ प्रत्येकाचा होतो. टायरच्या बाजूने, म्हणजे बाहेरून हबकडे पाहत असाल, तर निप्पल घड्याळाच्या काट्यांसारखा फिरवला की आवळतो. हबच्या बाजूने पाहत असाल तर उलट दिसतं. मी नेहमी चाकाच्या माथ्यावर, वरून पाहत काम करतो, म्हणजे चूक होत नाही.

एका वेळी पाव फेरा, फार तर अर्धा. निप्पलच्या एका पूर्ण फेऱ्यात तार साधारण ०.६ ते ०.७५ मिलिमीटर ओढली जाते, म्हणजे पाव फेरा जेमतेम दीड-दोन दशांश मिलिमीटर. ऐकायला नगण्य वाटतं, रिमवर ते स्पष्ट दिसतं. घट्ट तारेवर निप्पल फिरवताना तारही थोडी पिळली जाते आणि नंतर रस्त्यावर तो पीळ सुटतो. म्हणून हवा त्याहून किंचित जास्त फिरवून तेवढंच मागे यावं.

किती सरळ पुरेसं? अनेक कंपन्यांच्या दुरुस्ती-पुस्तकांत दोन मिलिमीटर ही कमाल मर्यादा दिलेली असते. हाताने काम करणारा माणूस अर्ध्या मिलिमीटरपर्यंत पोचू शकतो. जुन्या लोखंडी रिमला जोडाच्या जागी छोटासा उंचवटा असतोच, तो घालवायच्या नादाला लागू नका. तिथे तारा आवळून रिम सपाट करायला गेलात तर त्या चार तारा बाकीच्यांपेक्षा फार घट्ट होतील. ठोकर बसून वाकलेल्या रिमचंही तसंच. वाकलेलं लोखंड तारांनी सरळ होत नाही, तारा फक्त ते झाकतात.

कान लावा

आता मूळ मुद्दा, ताण सारखा आहे की नाही. तबला मिळवताना पाहिलाय? पुडीला सोळा घरं असतात, वाद्या ओढून धरायला आठ गट्टे. वादक एकेका घरावर बोट मारतो, ऐकतो आणि हातोडीने तिथे ठोकतो. एक घर चढलं की समोरचं उतरल्यासारखं वाटतं, मग तिकडे जायचं. गोल फिरत फिरत सगळी घरं एका स्वरात येतात. चाकाचं काम अगदी हेच आहे, हातोडीच्या जागी पाना.

पान्याच्या दांड्याने प्रत्येक तार मध्यावर हलकेच ठोका. ताणलेली ‘टण्ण’ वाजते, ढिली ‘ठप’. ओलांडणीच्या जागी तारा एकमेकींना टेकत असल्या तर आवाज दबतो, म्हणून सगळ्या एकाच जागी ठोका. आणि तुलना जातभाईंशीच करा: डावी-बाहेरची डाव्या-बाहेरच्यांशी. रिम मध्यावर नसलेल्या चाकात दोन बाजूंचा स्वर वेगळाच असायला हवा. मंडपाच्या खांबाला एका बाजूला जवळ खुंटी ठोकली आणि दुसऱ्या बाजूला लांब, तर खांब सरळ ठेवायला जवळच्या खुंटीचा दोर जास्त ताणावा लागतो. चाकातही जी बाजू कमी झुकलेली असते तिच्या तारा जास्त घट्ट असतात. दोन्ही बाजू एका स्वरात आणायला गेलात तर रिम सरकेल.

एखादी तार ढिली वाजते आहे आणि रिम मात्र तिथे सरळ आहे, अशी वेळ येतेच. तेव्हा ती आवळून तिच्याच बाजूच्या दोन शेजारणी थोड्या सोडायच्या. रिम तिथेच राहते, ताण वाटला जातो. हे करताना अर्धा मिलिमीटर आऊट राहिला तरी मी ताणाच्या बाजूने निर्णय घेतो. दिसायला थोडं कमी सुंदर पण सगळ्या तारा एका स्वरात असलेलं चाक मी डोळे झाकून पावसात घेऊन जाईन.

मग तारा बसवायच्या. हबच्या भोकाशी वाकणं अजून पूर्ण टेकलेली नसतात. पितळी ड्रिफ्टने, म्हणजे बोथट टोकाच्या दांड्याने, स्पोकच्या डोक्यांवर हलके ठोके द्या आणि समांतर जाणाऱ्या तारांच्या जोड्या हातमोजे घालून मुठीत जोरात दाबा. किरकिर आवाज येतो, तारा आपल्या जागी बसतात आणि ताण थोडा उतरतो. पुन्हा गोल फिरून अर्धा-पाव फेरा, पुन्हा डुलणं आणि उडी पाहणं. किरकिर थांबेपर्यंत हे दोन-तीनदा करावं लागतं.

निप्पलच्या डोक्यातून बाहेर आलेलं तारेचं प्रत्येक टोक कानशीने सपाट करा, नाहीतर ते ट्यूबमध्ये घुसेल. नवी रिम-पट्टी लावा. टायर चढवून हवा भरल्यावर रिमच्या कडेलगत टायरवर जी बारीक रेघ असते ती सगळीकडे सारख्या अंतरावर आहे का पाहा. नसेल तर टायर वाकडा बसला आहे. हवा काढून कडेला साबणाचं पाणी लावा आणि पुन्हा भरा. हे पाहिलं नाही तर टायर डुलताना दिसतो आणि चांगलं बांधलेलं चाक लोक पुन्हा खोलतात.

पहिल्या शे-दीडशे किलोमीटरनंतर पान्याचा दांडा घेऊन परत चाकाशी बसा. नव्या तारा एकदा उतरतातच. माझ्या मागच्या चाकात तेव्हा चार ‘ठप’ वाजल्या होत्या, चारही ड्रमच्या बाजूच्या, आतल्या. पाव-पाव फेऱ्यात त्या परत स्वरात आल्या.